किनारा सर्वांचा, मग पाणी कुणाचे?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात महाराष्ट्रातील पाच समुद्रकिनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाल्याची वार्ता आली. रायगडमधील श्रीवर्धन व नागाव, रत्नागिरीतील गुहागर व लाडघर आणि आपल्याच पालघर जिल्ह्यातील डहाणूचा पारनाका ही ती पाच नावे. डेन्मार्कमधील एका संस्थेतर्फे दिल्या जाणाऱ्या या मानांकनासाठी ३३ निकष आहेत. पाणी शुद्ध हवे, शौचालये हवीत, कचऱ्याची व्यवस्था हवी, अपंगांना किनाऱ्यापर्यंत जाता यावे, जीवरक्षक हजर असावेत, अशा अपेक्षा त्यांत आहेत. डहाणूच्या रहिवाशांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.

तथापि या निकषांमध्ये एक असा आहे की ज्याकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. एकाच किनाऱ्याचा निरनिराळ्या प्रकारे उपयोग करणाऱ्या लोकांमध्ये संघर्ष व अपघात होऊ नयेत, अशी व्यवस्था तेथे असली पाहिजे, असा तो निकष आहे. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटते. आमच्या मते मात्र आपल्या किनाऱ्यांचे पुढील वीस वर्षांचे भवितव्य याच एका वाक्यात दडलेले आहे. कारण किनाऱ्यावरची वाळू कुणाची, यावर आपण पुष्कळ वाद घातले. गुडघाभर पाण्यापासून पुढे सुरू होणारा समुद्र कुणी, केव्हा आणि किती वेगाने वापरायचा, हा प्रश्न मात्र आपण अजून नीटसा विचारलेलाच नाही.

एकाच पाण्यात पाच प्रकारची माणसे

अलिबाग-नागावपासून दापोली, गणपतीपुळे, तारकर्लीपर्यंत आणि पुढे गोव्यात कळंगुट-बागापर्यंत, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कोणत्याही गर्दीच्या पुळणीवर उभे राहावे. चाळीस-पन्नास पावलांच्या पट्ट्यात काय दिसते? आजीचा हात धरून लाटांना पाय लावणारी मुले असतात. पोहता न येणारे, तरीही छातीभर पाण्यात उतरलेले तरुण असतात. थोडे पुढे पाण्याची स्कूटर, म्हणजेच ज्याला सर्वजण ‘जेट स्की’ म्हणतात ते यंत्र, फेस उडवीत वळणे घेते. तिच्यामागे किंवा तिच्या शेजारी बनाना बोट सहा-सात जणांना ओढत नेऊन मुद्दाम पाण्यात पाडते. अलीकडे काही ठिकाणी फळी घेऊन लाटेवर स्वार होऊ पाहणारे तरुणही दिसू लागले आहेत. आणि या सर्वांच्या आधीपासून, पिढ्यान्पिढ्या, तेथे असलेली कोळ्यांची होडी भरतीची वाट पाहत उभी असते.

या पाचही प्रकारच्या लोकांचा समुद्रावर हक्क आहे. त्यांच्यापैकी कुणालाही आम्ही उपरा मानत नाही. परंतु त्यांच्यात एक मूलभूत विषमता आहे. धडक झाली तर कुणाचे हाड मोडणार, हे आधीच ठरलेले आहे. पोहणाऱ्याच्या अंगावर कपड्यांखेरीज काही नसते. यंत्रावर बसलेल्याच्या हाती शंभर किंवा त्याहून अधिक घोड्यांची शक्ती असू शकते. नियमांचा विचार या विषमतेपासून सुरू झाला पाहिजे.

यंत्राचा स्वभाव

नियम करणाऱ्याला यंत्राचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. मोटारसायकल चालवणारा तरुण जेट स्कीवर बसला की ती मोटारसायकलच आहे असे समजतो. हँडल तसेच, मूठही तशीच. प्रत्यक्षात तिला चाक नाही, सुकाणू नाही आणि बहुतेक जुन्या यंत्रांना ब्रेकही नाही. यंत्राच्या तळातून पाणी आत ओढले जाते, आतील फिरत्या पंख्याने ते मागील तोंडातून जोराने बाहेर फेकले जाते आणि त्या झोताची दिशा बदलली की यंत्र वळते. म्हणजे झोत आहे तोवरच वळण आहे. समोर अचानक माणूस दिसला तर नवखा चालक घाबरून मूठ सोडतो. मूठ सोडताच झोत मंदावतो, झोत मंदावताच वळण्याची शक्ती नाहीशी होते आणि यंत्र ज्या दिशेने जात होते त्याच दिशेने सरकत राहते. रस्त्यावर जी कृती माणसाला वाचवते, तीच येथे घात करते. नव्या यंत्रांत ही उणीव काही अंशी दूर करण्याचा प्रयत्न झाला आहे. परंतु भाड्याने फिरणारे प्रत्येक यंत्र नवे नसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ साली या यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एक निष्कर्ष आजही विचार करायला लावणारा आहे. इतर सर्व मौजेच्या होड्यांच्या अपघातांत माणसे प्रामुख्याने बुडून मरतात. या यंत्रांच्या बाबतीत मात्र मृत्यूचे मुख्य कारण बुडणे हे नसून जोराचा आघात हे होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लाइफ जॅकेट अत्यावश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवते. धडकेपासून वाचवीत नाही. धडकेपासून वाचवते ते केवळ अंतर.

फळीवरून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, याहून वेगळ्या जातीचा आहे. त्याला इंधन नाही, आवाज नाही. आपल्या देशात या खेळाची राष्ट्रीय संघटना २०११ मध्ये स्थापन झाली, टोकियोच्या ऑलिंपिकपासून त्याला ऑलिंपिकमध्येही स्थान मिळाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरम येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत कर्नाटकच्या रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक पटकावले. कर्नाटक व तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर कोळ्यांची मुले या खेळात पुढे येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या खेळाडूंमध्ये एक अलिखित शिस्तही असते: एका लाटेवर एकच स्वार, आणि लाट जेथे प्रथम फुटते त्याच्या सर्वांत जवळ असलेल्याचा मान पहिला. परंतु ही शिस्त खेळाडूंची आपापसातील आहे. लाटेबरोबर सुटून किनाऱ्याकडे धावणाऱ्या फळीला समोरच्या मुलाशी केलेला कोणताही करार ठाऊक नसतो. म्हणून येथेही प्रश्न अंतराचाच उरतो.

समुद्र कुणाच्या मालकीचा?

ज्यांनी सेमिनरीत रोमन विधीची तोंडओळख करून घेतली आहे, त्यांना सहाव्या शतकातील सम्राट जस्टिनियन याच्या विधिसंहितेची आठवण असेल. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गनियमानुसार सर्वांच्या आहेत, असे तेथे मांडले आहे. हा विचार केवळ पुस्तकात राहिलेला नाही. १९९६ च्या डिसेंबरमध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच रोमन विचाराचा मागोवा घेऊन ‘सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व’ भारतीय कायद्याचा भाग असल्याचे घोषित केले. तो खटला हिमाचल प्रदेशातील बियास नदीचा होता. परंतु तत्त्व सर्वव्यापी आहे. शासन हे किनारे, वाहते पाणी व वने यांचे मालक नसून विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला ठेव कुणा एकाच्या लाभासाठी वापरता येत नाही.

या तत्त्वाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही लक्षात घ्याव्यात. एक अशी की किनाऱ्याचे सगळे पाणी यंत्रांच्या ठेकेदाराच्या हवाली करण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही. दुसरी अशी की केवळ आवाज आवडत नाही म्हणून कुणालाही समुद्रातून हाकलून देण्याचा अधिकार इतरांनाही नाही. विश्वस्ताचे काम दोन्ही पक्षांना जागा नेमून देण्याचे आहे.

मग प्रत्यक्षात अडचण कोठे येते? आमच्या मते ती कार्यालयातील वहीत येते. जेट स्कीचा चालक परवाना घेतो, शुल्क भरतो, निविदा भरतो. त्याची नोंद होते. पोहणाऱ्याची, लाटांत पाय भिजवणाऱ्या आजीची, शंख वेचणाऱ्या मुलाची पावती फाटत नाही. जो पैसे भरतो तो वहीत दिसतो; जो भरत नाही तो दिसत नाही. परिणामी नियम जेव्हा तयार होतात तेव्हा ते व्यवसाय कसा चालवावा याचे होतात. व्यवसाय करणाऱ्यांखेरीज पाण्यात आणखी कोण आहे, याचे होत नाहीत. सार्वजनिक विश्वस्ततेचा अर्थ नेमका उलटा आहे: जो काहीच भरत नाही त्याच्या बाजूने पहिली रेषा ओढावी आणि उरलेले पाणी इतरांना वाटून द्यावे.

इतरांनी काय केले?

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर गेलेल्या आपल्या बांधवांनी लाल-पिवळे झेंडे पाहिलेच असतील. दोन झेंड्यांच्या मधल्या पाण्यात केवळ पोहायचे. तेथे जीवरक्षकांची नजर असते आणि सर्फिंगच्या फळ्यांना प्रवेश नसतो. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा मात्र फळ्यांसाठी राखलेली जागा दाखवतो. ही सारी व्यवस्था कापडाच्या चार तुकड्यांवर चालते. वाचता न येणाऱ्यालाही ती कळते आणि वाऱ्या-लाटांचा रंग पाहून जीवरक्षक रोज तिची जागा बदलू शकतो.

त्याच देशातील न्यू साउथ वेल्स राज्यात जेट स्की चालवण्यासाठी वेगळा परवाना लागतो, सूर्यास्तानंतर ती चालवता येत नाही आणि पाण्यातील माणसापासून ६० मीटर दूर राहावे लागते. २००१ पासून सिडनीच्या सुप्रसिद्ध बंदरात तर या यंत्रांना बंदीच आहे. म्हणजे एकाच राज्यात काही पाण्यात मोकळीक, काही पाण्यात मर्यादा आणि काही पाण्यात मनाई, अशी तीन प्रकारची व्यवस्था गुण्यागोविंदाने नांदते.

याहून बोलके उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सान हुआन या बेटांच्या छोट्या काउंटीचे आहे. १९९६ साली तेथील स्थानिक मंडळाने आपल्या सागरी पाण्यात ही यंत्रे चालवण्यास मनाई केली. यंत्रांचे मालक व व्यावसायिक न्यायालयात गेले. समुद्र सर्वांचा आहे, मग आम्हाला बंदी का, असा युक्तिवाद सार्वजनिक विश्वस्ततेच्या नावाने त्यांनीच केला. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटीचा नियम कायम ठेवला. ज्या पाण्याचे व ज्या जीवसृष्टीचे रक्षण करण्यासाठी हे तत्त्व आहे, त्यांनाच इजा करणाऱ्या कृतीच्या समर्थनार्थ त्याचा वापर करणे विचित्र ठरेल, असा न्यायालयाचा आशय होता.

आपल्याकडे सरसकट बंदी यावी असे आम्ही सुचवत नाही. या उदाहरणातून आम्हाला वेगळाच धडा घ्यावासा वाटतो. निर्णय दूरच्या राजधानीने नव्हे, तर त्या पाण्याकाठी राहणाऱ्या लोकांच्या छोट्या मंडळाने घेतला आणि तो टिकला.

आपल्याकडची स्थिती

आपल्याकडे नियमच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९६ च्या कायद्याने महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झाले. राज्यातील लहान बंदरे, प्रवासी होड्या व जलक्रीडा यांना परवानगी देण्याचे काम त्याच्याकडे आहे. पावसाळ्यात २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात जलक्रीडा बंद ठेवण्याचा दंडक आहे. साहसी पर्यटनासाठी राज्याने २०२१ मध्ये स्वतंत्र धोरण आणले. गोव्यात जलक्रीडेच्या होड्यांना बंदर कप्तान खात्याचा परवाना लागतो, २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे आणि जलक्रीडेचे प्रशिक्षण देणारी केंद्र शासनाची राष्ट्रीय संस्थाही तेथेच आहे.

तरीही दुर्घटना थांबत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीसाठी आलेले पुण्यातील १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तेथे कोणत्याही यंत्राची धडक नव्हती. होती ती पाण्याची ओढ आणि त्या ओढीविषयीचे अज्ञान. २५ डिसेंबर २०२४ रोजी, ख्रिस्तजन्माच्याच दिवशी, कळंगुटच्या किनाऱ्यालगत पर्यटकांची होडी उलटली. एकाचा मृत्यू झाला आणि २० जणांना वाचवण्यात आले. त्या होडीत महाराष्ट्रातील खेडचे एक मोठे कुटुंब होते. त्याच्या आदल्याच आठवड्यात, १८ डिसेंबरला, मुंबईहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर चाचणीसाठी धावणारी नौदलाची वेगवान नौका आदळली आणि अनेकांचे प्राण गेले.

या तीन घटना तीन प्रकारच्या आहेत. पहिलीत पोहण्याची सुरक्षित जागा दाखवणारे कुणी नव्हते. दुसरीत किनारा हाकेच्या अंतरावर होता, तरी तो एका माणसाला वाचवू शकला नाही. तिसरीत वेगवान नौका व संथ नौका एकाच पाण्यात होत्या. जागा, जीवरक्षण आणि वेग या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणारा नियम किनाऱ्यावर डोळ्यांना दिसला पाहिजे. कागदावरील नियम पाण्यावर उमटत नाही, तोवर तो नियम नव्हे.

कोळ्यांनी शिकवलेला धडा

समुद्रात रेषा कशी ओढणार, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच किनाऱ्याच्या इतिहासात आहे. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर गोव्याच्या किनाऱ्यालगत येऊन मासळी ओरबाडू लागले, तेव्हा रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार उभे राहिले. मातानी साल्ढाणा या शिक्षकाने त्यांचे नेतृत्व केले. त्या लढ्याची परिणती १९८० च्या गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायद्यात झाली. महाराष्ट्राचा तसाच कायदा १९८१ चा आहे. किनाऱ्यालगतचे पाणी छोट्या होड्यांसाठी राखावे, यंत्राने त्यापलीकडे जावे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. देशपातळीवर हाच विचार नेटाने मांडणारे फादर थॉमस कोचेरी हे रिडेंप्टरिस्ट संघाचे धर्मगुरू होते, हे वाचकांना स्मरत असेल.

म्हणजे समुद्रात रेषा ओढता येते. ती मोडली जाते, तिच्यावरून भांडणे होतात, हे खरे. परंतु बलवानाने दुर्बलासाठी जागा सोडावी हा न्याय तिने कायद्यात आणला. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नौकानयन नियमांतही तेच तत्त्व आहे: जाळे टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला यंत्राच्या बळावर चालणाऱ्या नौकेने वाट द्यायची असते. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या आपल्या कोळी बांधवांची डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असतात. ती होडीसारखी बाजूला होऊ शकत नाहीत. उद्या आपल्या किनाऱ्यांवर वेगवान यंत्रे वाढली, तर वाट कुणी सोडायची याचे उत्तर आजच देऊन ठेवले पाहिजे.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तारकर्ली-देवबागसारख्या ठिकाणी जलक्रीडेचा व्यवसाय करणारे पुष्कळजण मच्छीमारांच्याच घरांतील तरुण आहेत. मासळी कमी झाली, डिझेल महागले, बापाच्या होडीवर घर चालेना, तेव्हा मुलाने कर्ज काढून यंत्र घेतले. पावसाळा वजा जाता त्याच्या हाती जेमतेम नऊ महिने असतात. त्यातही खरी कमाई शनिवार-रविवारची. गिऱ्हाईक वेग मागते. तो न दिल्यास ते शेजारच्याकडे जाते. अशा तरुणाला गुन्हेगार ठरवून आपण आपले कर्तव्य केले असे समजणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. स्वैर स्पर्धेत प्रामाणिक माणूसच प्रथम हरतो. नियम सर्वांना सारखा असला तर त्याचा पहिला लाभ याच तरुणाला आहे. कारण मग सावधपणे यंत्र चालवण्याची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागणार नाही.

नियम कसे असावेत?

या विषयातील तज्ज्ञ असल्याचा आमचा दावा नाही. तथापि वरील विवेचनातून ज्या गोष्टी निघतात, त्या आम्ही ग्रामपंचायती, महानगरपालिका व सागरी मंडळ यांच्या विचारार्थ नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर पोहण्याची जागा प्रथम ठरवावी. ती दोन झेंड्यांनी आणि पाण्यात तरंगत्या बोयांच्या दोरीने दाखवावी. यंत्रांनी त्या जागेत शिरू नये. किनाऱ्याला येण्या-जाण्यासाठी त्यांना बाजूला एक अरुंद वाट आखून द्यावी आणि त्या वाटेत वेग चालण्याइतकाच असावा. फळीच्या खेळाला तिसरी जागा द्यावी.

दुसरी, भरती-ओहोटी व उधाण-भांग यांचा विचार या आखणीत असावा. आपल्या सपाट किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी फार दूर जाते. सकाळी योग्य असलेली रेषा संध्याकाळी निरुपयोगी ठरते. म्हणून रेषा हलवण्याचा अधिकार किनाऱ्यावर हजर असलेल्या जीवरक्षकाला हवा.

तिसरी, पर्यटकाच्या हाती यंत्र एकट्याने देऊ नये. मागे प्रशिक्षित चालक बसलेला असावा आणि चालक पडताच यंत्र बंद करणारी मनगटाची दोरी बांधल्याशिवाय यंत्र सुरूच करू नये. ही दोरी प्रत्येक यंत्राबरोबर मिळते. तिचा वापर करायला वेगळा खर्च लागत नाही.

चौथी, विमा, परवान्याचा क्रमांक, माणसांची कमाल संख्या व दर हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, किनाऱ्यावर लावलेले असावेत. तक्रार कुणाकडे करायची तेही तेथेच लिहिलेले असावे.

पाचवी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, ही आखणी करणाऱ्या समितीत मच्छीमार सोसायटीचा प्रतिनिधी, जलक्रीडा व्यावसायिक, जीवरक्षक आणि गावातील सामान्य स्त्री-पुरुष असावेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत तिची आखणी वाचून दाखवावी. पाण्याची ओढ कोठे आहे, वाळू कोठे खचते, जाळी कोठे लागतात, हे नकाशापेक्षा कोळ्याच्या घरातील म्हाताऱ्याला अधिक ठाऊक असते.

या सर्वांना पैसा लागेल. जलक्रीडेच्या परवाना शुल्कातील ठरावीक वाटा त्याच किनाऱ्यावरील जीवरक्षकांच्या वेतनासाठी राखून ठेवणे हा त्यावरील न्याय्य उपाय आहे. ज्या पाण्यातून पैसा येतो, त्या पाण्यात उतरणाऱ्यांच्या रक्षणासाठी तो आधी खर्च व्हावा.

आपले स्वतःचे काय?

शासनाला उपदेश करणे सोपे असते. आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळे, धर्मशिक्षणाचे वर्ग, शाळा व सोसायट्या दरवर्षी समुद्रकिनारी सहली नेतात. बसचे भाडे, जेवणाचा बेत, खेळांची बक्षिसे यांवर आठवडाभर बैठका होतात. भरतीची वेळ कोणती, पोहता येणारे मोठे किती, मुलांची मोजणी पाण्यात उतरण्यापूर्वी व नंतर कोण करणार, या प्रश्नांसाठी किती मिनिटे दिली जातात? मुरूडच्या त्या १४ घरांतही सहलीच्या सकाळी डबे भरले गेले असतील.

पर्यटक म्हणून गेल्यावरही आपण गिऱ्हाईक असतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती मोठी सत्ता असते. लाइफ जॅकेटचे पट्टे तुटलेले असतील तर पैसे परत मागावेत. होडीत ठरल्यापेक्षा एक माणूस अधिक बसवला जात असेल तर आपणच उतरावे. ‘भाऊ, जरा जोरात ने’ असे म्हणण्यापूर्वी पुढच्या पाण्यात कुणाचे लेकरू आहे ते पाहावे. त्या तरुण चालकाने हळू चालवले तर त्याचे कौतुक करावे; दोन शब्द चांगले बोलले गेले तर तोही लक्षात ठेवील.

पारनाक्याच्या किनाऱ्यावरील तो निळा झेंडा कायमचा नाही. हे मानांकन एका हंगामापुरते असते. दरवर्षी नव्याने तपासणी होते आणि निकष पाळले गेले नाहीत तर झेंडा उतरवावा लागतो. आम्हाला ही अट फार उचित वाटते. किनारा एकदा सुरक्षित करून मोकळे होता येत नाही. प्रत्येक भरतीबरोबर वाळूवरची रेषा पुसली जाते आणि ती पुन्हा ओढावी लागते. येत्या हंगामापूर्वी अर्नाळ्याच्या, राजोडीच्या, कळंबच्या, भुईगावच्या ग्रामस्थांनी व आपल्या लोकप्रतिनिधींनी एका संध्याकाळी पुळणीवर एकत्र यावे आणि पहिली रेषा कोठे असावी ते ठरवावे. झेंडा कोणत्याही रंगाचा असो, तो रोवण्यासाठी एवढे पुरे आहे.